एतुआस मास्तर आणि ताबू विहीर

एतुआस मास्तर खोकले की समजायचं, आता देव बोलणार.

तो खोकला त्यांचा स्वतःचा नव्हे. तरुणपणी मास्तरांनी मिशनच्या बेटावर एका म्हाताऱ्या फ्रेंच फादरांची चार वर्षं सेवा केली. फादर नाकात बोलायचे कारण ते फ्रेंच होते, आणि खोकायचे कारण त्यांना दमा होता. मास्तर फ्रेंच नाहीत, आणि त्यांची छाती अशी ठणठणीत की माडावर चढून नीरा काढणाऱ्या पोरांनाही त्यांच्यापुढे दम लागावा. पण नूकाबोंगला परतले ते नाक आणि खोकला दोन्ही घेऊन. फादर कधीच देवाघरी गेले. त्यांचा खोकला आमच्या गावात राहतो आणि रविवारी दोनदा ऐकू येतो, एकदा शुभवर्तमानाआधी, एकदा जेवणाआधी.

नाकाचं तर विचारूच नका. "प्रियं बंधूं आणिं भगिनींनों" अशी सुरुवात झाली की मागच्या चटईवरच्या बायका लहान पोरांची तोंडं दाबून धरतात, स्वतःची दाबायला हात उरत नाहीत. मास्तरांच्या तोंडून शब्द सरळ येतच नाही, नाकाला वळसा घालून येतो. खूप घाबरले की मात्र नाक मोकळं होतं आणि ते तुमच्या-आमच्यासारखे बोलतात. तसं मी आजवर दोनदाच ऐकलंय.

फादर काईया बोटीनं दीड-दोन महिन्यांतून एकदा येतात, तेही भरती बघून. बाकीचे रविवार मास्तरांचे. प्रार्थना ते म्हणवून घेतात, पोरांना धर्मशिक्षण ते देतात, आणि देवळाच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी ज्या टाकीत साठतं तिच्या तोटीला कुलूपही तेच घालतात. कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यात असते, क्रुसाच्याच दोरीत ओवलेली. प्रार्थना संपली की मास्तर डोळे मिटून क्रुसाचा मुका घेतात. दहातले चार वेळा किल्लीचा घेतात. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना कळत नाही, आणि आमचे उघडे असल्यामुळे आम्हांला कळतं.

तो पत्रा गावानं घातलाय. माझ्या काकांचा अंगठा त्यात गेला. पण टाकीतलं पाणी "देवाच्यां कामासांठीं" राखून ठेवलेलं असतं, आणि देवाचं काम मुख्यतः मास्तरांच्या घरी चालतं: तिथे देवाचा भात शिजतो, देवाचा चहा होतो.

मास्तरांची खरी विद्या मात्र वेगळीच. ती बुबूसची.

आमच्याकडे कुणी चारचौघांत "ही माझी बुबूस" म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर मागणारा गप्प घरी जातो, आणि तुमच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा लोक ते आठवून बोलतात. म्हणून शहाणी माणसं बुबूस जपून वापरतात. होडीचं शीड फाटलं, पोरीच्या लग्नाला चटया कमी पडल्या, तेव्हा. मास्तर सकाळी तोंड धुवायच्या आधी एक उरकतात. त्यांची सायकल तेबानोबाबांची होती. कंदील शाळेच्या बाईंचा. रेडिओ माझ्या आत्याचा, त्याची तार दुसऱ्या आत्याची. त्या घरात मास्तरांचं स्वतःचं असं एकच, त्यांची बायको नेई बेरेता, म्हणजे तुमच्याकडे बेरेताबाई. ती म्हणते, "मलाही मागूनच आणलं. तेव्हा वडिलांकडून 'नाही' तेवढं निघालं नाही, ते मी आता रोज म्हणते."

लोकांनी कुजबुजायला सुरुवात केली तेव्हा मास्तरांनी उपवासकाळात त्यावर एक प्रवचनच दिलं. शोमरोनी स्त्रीच्या विहिरीचं शुभवर्तमान होतं त्या रविवारी. दोनदा खोकले.

"प्रियं बंधूंनों. प्रभूं दमलां होतां. विहिरींवर बसलां होतां. त्यानें काय केलें? मला पाणीं दे म्हणालां. म्हणजें काय केलें? बुबूस केलीं. स्वतः प्रभूनें, एकां परक्यां बाईकडें. मगं सांगां, ज्यां गावांत बुबूसला नाहीं म्हणतांत, तें गावं ख्रिस्तीं आहें कां?"

सगळं गाव खाली बघत होतं. त्याच दुपारी मास्तरांनी माझ्या काकांची नवी कुऱ्हाड मागितली.

मागच्या बाजूला माझ्या आजीची बहीण बसली होती, आकोयाआजी. केवड्याच्या पाती सोलत होती आणि नेहमीप्रमाणे गप्प होती. आजी फार बोलत नाही. तिची एक सवय आहे, ऐकलेलं विसरत नाही. नवरा समुद्रात गेला, लेक दुसऱ्या बेटावर कामाला गेली, घरात चार वर्षांची नात बेइना आणि चटया. प्रवचन संपल्यावर आजी एवढंच म्हणाली, "चांगलं बोलले मास्तर." मला वाटलं, म्हातारी भोळी आहे.

मग बिशपांचं पत्र आलं. पाणी ही देवानं सगळ्यांना मिळून दिलेली वस्तू आहे, तेव्हा प्रत्येक गावानं आपली एक विहीर सर्वांची म्हणून सांभाळायची, आशीर्वाद घ्यायचा, स्वच्छ ठेवायची. मरियेच्या स्वर्गोन्नतीच्या सणाला स्वतः येऊन बघीन, असंही त्यात होतं. गावात विहीर समिती झाली. अध्यक्ष कोण, हे विचारायचं कारण नव्हतं, कारण पत्र वाचत मास्तरच होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे खुर्ची मागितली. दवाखान्यातली निळी प्लास्टिकची. आता ते विहिरीजवळ त्या खुर्चीत बसून विहिरीकडे बघत असत. यालाच सांभाळणं म्हणत.

दुसरं काम डुकरांचं. बिशप येणार म्हणजे जेवण होणार. मास्तर सहा घरं फिरले, सहा बुबूस केल्या, सहा पिल्लं आणली. आकोयाआजीच्या डुकरिणीचं सगळ्यांत गुबगुबीत होतं, ते पहिलं गेलं. बेइनानं त्याचं नाव ठेवलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही.

आता ही सहा डुकरं ठेवायची कुठे? टारोचे, म्हणजे अळवाच्या कंदांचे, खड्डे ओलांडून पलीकडे समुद्राच्या कडेला ठेवायची आमची रीत. पण तिथे रोज चालत जावं लागतं, आणि डुकरांना पाणी वाहून न्यावं लागतं. मास्तरांनी विचार केला. विचार करताना ते नाक चिमटीत धरतात. मग त्यांनी आपल्या घराच्या बाजूला, विहिरीपासून वीस पावलांवर कुंपण घातलं.

"जवळं बरें," ते म्हणाले. "बिशपांचीं डुकरें. लक्षं राहतें."

लक्ष राहत होतंच. वासही राहत होता.

फादर काईया आशीर्वाद द्यायला आले तेव्हा त्यांनाही तो आला. विहिरीवर पवित्र पाणी शिंपडताना ते थांबले.

"मास्तर, ही डुकरं कुणाची?"

"बिशपांचीं, फादर."

फादर तरुण आहेत, आणि ओहोटी लागायला आली होती. बिशपांच्या डुकरांबद्दल त्यांनी काय बोलायचं? राहिलेलं पाणी शिंपडलं आणि बोटीकडे गेले. त्या दिवशी रविवार होता.

बुधवारी नर्स रकेरा विहिरीवर आली. तिनं आठवड्यापूर्वी प्रत्येक विहिरीचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून दवाखान्याच्या फळीवर ठेवलं होतं. पाणी चांगलं असलं तर जसंच्या तसं राहतं, घाण असलं तर काळं पडतं. या विहिरीची बाटली शाईसारखी झाली होती. रकेरानं ती मास्तरांच्या नाकासमोर धरली. मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

हे सगळं मी दहा पावलांवरून ऐकलंय, नारळ सोलता सोलता.

"हे पाणी कुणी प्यायचं नाही," रकेरा म्हणाली. "डुकरं आजच हलवा. आणि सगळ्यांना सांगा. तुम्ही अध्यक्ष आहात."

"सांगेंन," मास्तर म्हणाले.

"आज सांगा. मला आत्ता उत्तरेच्या बेटावर जायचंय, बाळंतीण अडलीय."

"सांगेंनच म्हणतों आहें."

रकेराचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, म्हणून तिनं होडी रंगवून उरलेला लाल रंग मागून घेतला आणि विहिरीच्या काठावर लिहायला बसली. तिला लिहायचं होतं 'पिणं ताबू आहे', म्हणजे पिण्याची मनाई आहे. पण डब्यात रंग उरला होता तळाचा. तिकडे होडीवाला हाका मारत होता. तिनं महत्त्वाचा शब्द आधी लिहिला. चार मोठी लाल अक्षरं झाली, आणि डबा संपला.

TABU.

आता आमच्या भाषेची गंमत अशी की ज्याला हात लावायचा नाही ते ताबू, आणि जे देवाचं पवित्र ते पण ताबू. सिगारेट ओढणं ताबू. पवित्र मरियाही ताबू. एरवी कुणाचा गोंधळ होत नाही, कारण कुणी मरियेला ओढत नाही. पण चारच दिवसांपूर्वी फादरांनी जिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं त्या विहिरीवर सकाळी उठून बघावं तर लाल अक्षरांत ताबू.

"कुणी लिहिलं हे, मास्तर?" तेबानोबाबांनी विचारलं. ते गावातले सगळ्यांत म्हातारे.

मास्तर खोकले. त्या खोकल्यात माणसाला विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ होता.

"नर्सबाईंनीं."

"म्हणजे सरकारनंसुद्धा मानलं तर," तेबानोबाबा म्हणाले आणि त्यांनी क्रुसाची खूण केली.

मास्तरांनी खोटं काही सांगितलं नाही. हेच त्यांचं कसब. खऱ्या वाक्याचं एक टोक हातात ठेवून दुसरं लोकांकडे टाकतात. उरलेलं वाक्य सांगायचं तर डुकरं हलवावी लागली असती, आणि डुकरं हलवायची तर कुंपण का घातलं हे सांगावं लागलं असतं.

मी तरी बोलायचं होतं. मी ऐकलं होतं. पण आमच्यात पोरीनं मास्तरांना खोटं पाडायचं म्हणजे आधी आईचा मार, मग आत्यांचा. मला वाटलं ते आज नाही तर उद्या सांगतील. ही माझी चूक, आणि ती मी मास्तरांच्या नावावर टाकत नाही. त्यांच्या नावावर पुरेसं आहे.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, डोळ्यांत पाणी आलं नसतं तर. दक्षिण टोकाची माणसं, ज्यांच्या स्वतःच्या बऱ्या विहिरी आहेत, ती बाटल्या घेऊन चालत येऊ लागली. बायकांनी काठावर शिंपल्यांची माळ घातली, फुलं वाहिली. कुणी गुडघ्याला चोळलं ते पाणी, कुणी डोळ्यांना लावलं. पीत तर सगळेच होते. आणि पलीकडून सहा डुकरं ही सगळी भक्ती बघत होती, मधून मधून आपल्या परीनं भर घालत होती.

मास्तर खुर्चीत. "रांगेंनें यां. ढकलूं नकां. विश्वासानें प्यां."

"मास्तर, तुम्ही नाही घेत?" आकोयाआजीनं विचारलं. ती घागर घेऊन आली होती.

"मीं घेतलें, नेई. सकाळींच."

पाचव्या दिवशी बेइनाला हगवण लागली. सहाव्या दिवशी तिचे डोळे आत गेले. तोपर्यंत गावात अकरा पोरं तशीच पडली होती. आकोयाआजीनं बेइनाला लवकर बरं वाटावं म्हणून काय दिलं असेल? ताबू पाणी. दर तासाला, चमच्यानं, 'नमो मरिया' म्हणत. मी समोर बसले होते. तेव्हा मला राहवलं नाही.

"आजी, ते देऊ नकोस," मी म्हटलं, आणि नारळ सोलताना जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. बाटली, रंग, होडीवाला. मास्तरांचं मास्तरांच्याच आवाजात, रकेराचं रकेराच्या.

आजीनं चमचा खाली ठेवला. मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कितवा दिवस आज रकेरा गेल्याला?"

"सहावा, आजी."

"बरं." ती उठून नेई बेरेताकडे गेली. मीही मागोमाग. बेरेता पडवीत भात निवडत होती.

"बेरेता, तुमच्या घरात कुणी आजारी नाही?"

"कसं पडणार, नेई? आमच्याकडे टाकीचं पाणी." मग ती आवाज न चढवता आत बघत म्हणाली, "मास्तरांना पवित्र पाणी पचत नाही." आणि कुणी न मागता तिनं एक मोठी बाटली टाकीचं पाणी आजीच्या घागरीत ओतलं.

बेइनाला त्या दिवसापासून ते पाणी उकळून, मीठ-साखर घालून दिलं. नीरा दिली, शहाळं दिलं. तीन दिवस आजी झोपली नाही. मास्तरांचं नाव तिनं कुणाकडे काढलं नाही. शेजारच्या घरांत मात्र गुपचूप सांगून आली, विहिरीचं देऊ नका, शहाळी द्या. "का?" विचारलं तर म्हणायची, "नर्स आली की सांगेल."

नर्स नवव्या दिवशी आली. होडीतून उतरली, विहिरीपाशी आली आणि काठावरची फुलं बघून तिथेच बसली.

"ही कुणी वाहिली?"

"सगळ्यांनी," आजी म्हणाली. "तू ताबू लिहिलंस ना."

"मी पिऊ नका म्हणून लिहिलं."

"पिऊ नका कुठे लिहिलंस, बाई? ताबू लिहिलंस."

रकेरानं अक्षरांकडे बघितलं. मग रिकाम्या खुर्चीकडे. मास्तरांना त्या दिवशी अचानक दक्षिण टोकाला प्रार्थना होती.

दुसऱ्या दुपारी सगळं गाव मानेआबात बसलं. मानेआबा म्हणजे आमचं सभेचं मोठं छप्पर, त्यात ज्याची त्याची जागा आजोबा-पणजोबांपासून ठरलेली, पुढे म्हातारे पुरुष, मागे बायका. बोलायचं पुढच्यांनी. रकेरा सरकारी म्हणून तिला मध्ये उभं राहू दिलं. तिनं सगळं सांगितलं. काळी बाटली फिरवली.

म्हाताऱ्यांनी ती हुंगली, एकमेकांकडे दिली आणि चर्चा सुरू केली.

"माझे वडील याच विहिरीचं पिऊन ऐंशी वर्षं जगले," एक म्हणाले.

"तेव्हा तिथे डुकरं होती का?" रकेरानं विचारलं.

"नव्हती. तेव्हा आम्ही गरीब होतो."

"वाढतं डुक्कर हलवलं की वाळतं," तेबानोबाबा म्हणाले. "बिशपांना वाळकं डुक्कर वाढायचं?"

"पण कुंपण मास्तरांच्या जमिनीत आहे," तिसरे म्हणाले. "विहीर वेगळी, जमीन वेगळी."

"बाबा, कुंपण वर असतं," रकेरा म्हणाली. "खाली सगळं एकच गोड पाणी आहे, समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारं, हातभर जाडीचं. मास्तरांच्या दारात सांडलं ते तुमच्या पेल्यात येतं."

मग मास्तर उठले. दोनदा खोकले. तिसऱ्यांदा पण खोकले, विषय गंभीर होता म्हणून.

"प्रियं बंधूंनों. बाटल्यां काळ्यां होतांत, पांढऱ्यां होतांत. परंतुं आशीर्वांदित पाण्यांत जंतूं राहतींल कसें? हां प्रश्नं पाण्याचां नाहीं. हां प्रश्नं विश्वासाचां आहें. पोरें आजारीं पडतांत, कारण आयां पाणीं पाजतांना मनांत शंकां आणतांत."

मागच्या रांगांत चटया विणणारे हात थांबले. अकरा पोरांच्या आया-आज्या होत्या तिथे.

"आणिं डुकरें बिशपांचीं," मास्तर पुढे म्हणाले. "मला हलवण्यांचा अधिकारं नाहीं. मीं केवळं सेवकं."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. अधिकार नाही म्हटल्यावर काय करणार? बिशपांना पत्र लिहू, असं ठरत आलं. पत्र पुढच्या बोटीनं जाणार, उत्तर त्याच्या पुढच्या. तोवर सगळ्यांनी शंका न आणता प्यावं.

तेव्हा आकोयाआजी उठली. बायकांच्या रांगेतून कुणी मध्ये चालत आलं की मानेआबात कुजबुज होते. तेबानोबाबा म्हणाले, "नेई, बोलायचं असेल तर तुझ्या भावाच्या तोंडून बोल."

"मला बोलायचं नाही, बाबा. मला मागायचंय. मागायला कुणाचीच मनाई नाही, असं मास्तरांनी उपवासकाळात सांगितलंय."

ती मास्तरांसमोर खाली बसली, रीतीप्रमाणे डोकं वाकवून.

"मास्तर, माझी बुबूस आहे. ती सहा डुकरं मला द्या."

मास्तर हसले. "नेई, तीं माझीं नाहींत, बिशपांचीं..."

"बेइनाचं पिल्लू तुम्ही मागितलंत तेव्हा तेही माझं नव्हतं, बेइनाचं होतं. ती तर त्याचं नाव ठेवून बसली होती. मी तसं म्हटलं नाही. दिलं."

"परंतुं आशीर्वादाचां विचारं..."

"आशीर्वाद फादरांनी पाण्याला दिला, मास्तर. डुकरांना नाही."

मागून कुणीतरी खोकलं. अगदी मास्तरांसारखं. कोण ते सांगत नाही.

"प्रभू दमला होता," आजी म्हणाली. "विहिरीवर बसला. पाणी दे म्हणाला. परक्या बाईकडे बुबूस केली. मीही दमलेय, मास्तर, आणि मी तर परकीही नाही. ज्या गावात बुबूसला नाही म्हणतात ते गाव ख्रिस्ती आहे का, हे तुम्हीच विचारलं होतं. मला उत्तर माहीत नाही. तुम्ही सांगा."

सगळं मानेआबा मास्तरांकडे बघत होतं. त्यात ते सगळे होते ज्यांची सायकल, कंदील, रेडिओ, तार, कुऱ्हाड आणि खुर्ची मास्तरांच्या घरी होती. त्यांनी नुसतं बघितलं, आणि एवढं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी ईस्टरलाही बघितलेलं नाही.

"घ्या," मास्तर म्हणाले. नाक नाही, खोकला नाही. साधं, कोरडं, घाबरलेल्या माणसाचं 'घ्या'. पहिल्यांदा ऐकलं ते हे.

"देव तुमचं भलं करो," आजी म्हणाली, पण उठली नाही. "रकेरा, विहीर किती दिवसांत बरी होईल?"

"पाऊस झाला तर चार-पाच महिने."

"तोवर पोरांना काय द्यायचं?" हे तिनं रकेराला विचारलं, पण बघत मास्तरांच्या गळ्याकडे होती. "मास्तर, दुसरी बुबूस. टाकीची किल्ली."

मास्तरांनी दोरी गळ्यातून काढली. क्रूस सोडवायला त्यांची बोटं चालेनात, शेवटी बेरेतानं येऊन गाठ सोडली. जरा पटापटच सोडली. सवयीनं त्यांनी डोळे मिटून मुका घेतला आणि मग हात पुढे केला. मुका किल्लीचाच होता.

त्याच दुपारी बायकांनी डुकरांचे पाय बांधून, काठीला उलटी टांगून, टारोच्या खड्ड्यांपलीकडे समुद्राच्या कडेला नेली. ओरडण्यानं गाव दणाणलं. बेइना अजून उठत नव्हती, पण आवाज ऐकून म्हणाली, "त्यातलं एक आपलं आहे." आजीनं त्या दिवशी पहिल्यांदा डोळे पुसले, आणि धूर लागला म्हणाली. चूल विझलेली होती.

एवढं झाल्यावर मास्तर सुधारले असतील असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या गावात एक रविवार काढावा. दोन आठवड्यांत त्यांचं प्रवचन आलं: "प्रियं बंधूंनों, पाण्यांसाठीं मीं माझीं सहां डुकरें दिलीं." खरं वाक्य, एका टोकानं धरलेलं. दक्षिण टोकाला हे इतकं आवडलं की त्यांनी त्यांना प्रार्थनेला बोलावून जेवू घातलं.

टाकी मात्र उघडी राहिली. रोज सकाळी घरटी दोन बादल्या, पोरांच्या घरी तीन. आजी तिथे चटई विणत बसायची आणि बघायची. भांडणं झाली, पण पाणी पुरलं. अकराही पोरं उठली, बेइना सगळ्यांत शेवटी. पाऊस झाला. रकेरानं दर महिन्याला बाटली भरून फळीवर ठेवली आणि पाचव्या महिन्यात ती जशीच्या तशी राहिली. आजीनं वाळू आणि दगड घेऊन काठावरची अक्षरं घासायला सुरुवात केली. मास्तर धावत आले.

"नेई, पवित्रं शब्दं कसां पुसतां?"

"आता पाणी पवित्र झालंय, मास्तर. शब्द नको."

एवढं सगळं सहन केल्यावर मास्तरांना आपली विद्या आठवली. पुढच्या रविवारी, सगळं गाव हजर असताना, प्रार्थना संपल्यावर ते आजीसमोर आले. दोनदा खोकले.

"नेई आकोयां, माझीं एकं नम्रं बुबूसं. ती किल्लीं मला परतं द्यां."

आजीलाही नाही म्हणता येणार नव्हतं. मास्तरांना ते माहीत होतं, आणि आम्हांला मास्तर किती बेरकी आहेत ते. आजीनं लगेच गळ्यातली दोरी काढली आणि दिली. मास्तरांनी डोळे मिटले, मुका घेतला, थाटात टाकीकडे गेले. तोटीला कुलूप नव्हतं.

"कुलूप कुठे?" हे दुसरं. नाक पार मोकळं.

"डुकरांच्या दाराला," आजी म्हणाली. "ती सारखी पळायची, आणि टाकीला तर आता लागत नाही. बरं झालं मागितलंत, मास्तर. माझे गुडघे चालत नाहीत. आता किल्ली तुमच्याकडे, दार तुम्हीच उघडणार. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बिशपांची डुकरं आहेत, उपाशी ठेवू नका."

बुबूस करून घेतलेली वस्तू आमच्याकडे परत करत नाहीत. देणाऱ्याच्या तोंडावर फेकल्यासारखं होतं. मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. तेबानोबाबा म्हणाले, "सायकल घेऊन जा. आहे ना तुमच्याकडे."

बिशपांची बोट त्या सणाला आली नाही, इंजिन बिघडलं होतं. पुढच्या सणाला येतील म्हणतात. तोवर डुकरं वाढताहेत आणि खाताहेत. रोज पहाटे एतुआस मास्तर खोबऱ्याचं गाठोडं आणि पाण्याचा डबा घेऊन विहिरीवरून पुढे जातात, टारोचे खड्डे ओलांडतात, आणि दारापाशी पोचले की सवयीनं खोकतात. तो खोकला ऐकला की सहाही डुकरं उठून दाराशी येतात. त्यांना वाटतं, आता जेवण. ती मास्तरांना आमच्यापेक्षा बरी ओळखतात.